कापूस पांघरलेली म्हैस

शपथ घेऊन सांगते मित्रांनो, ओरडून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं बोलत असेन तर माझी दोन्ही शिंगं गळून पडोत आणि गावातले बैल मला हसोत. तसे ते आताही हसतात. पोळ्याला त्यांना झुली, त्यांना पुरणपोळी, आणि मला? मला म्हणतात, 'हट् काळे, बाजूला हो.' मी होत नाही.

मी एक जुनी म्हैस आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. बाईला आणि म्हशीला वय विचारत नाहीत. माझं गाव तापीच्या काठी, आणि माझी मालकीण धुरपदाबाई. तिचा नवरा उखर्डू. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मला तसा आईनं उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलून घेतला. तेव्हापासून तो मरायला तयार नसलेला माणूस.

एकोणतीस सालच्या माघात थंडी पडली. कशी म्हणाल? धुरपदाबाई धार काढायला बसली की दूध चरवीत पडायच्या आतच गोठायचं! ती त्या दुधाच्या कांड्या मोडून टोपलीत रचायची आणि पोरं उसासारखी चोखायची. कावळे माझ्या पाठीवर पाय शेकायला रांग लावायचे. तिकडं सावद्याच्या मळ्यांत केळीची पानं भाजल्यासारखी काळी पडली. हसू नका, शपथ घेतली आहे मी.

एके दिवशी सकाळी उखर्डू डोक्यावर दुधाची बरणी घेऊन नदी उतरायला निघाला. पलीकडं शिरपूरच्या सडकेवर रतिलालचं चहाचं दुकान होतं, तिथं माझं दूध जायचं. मधोमध शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय घसरला. हात वर धरून त्यानं बरणी वाचवली, पण स्वतः डोक्यासकट बुडाला. शहाण्या माणसानं घरी येऊन कपडे बदलले असते. उखर्डू म्हणाला, "दूध सांडनं नही ना? मंग झायं!" तसाच ओला पुढं गेला, दूध पोचवलं, आणि तसाच ओला परत आला. सातपुड्याकडून वारं सुटलं होतं. डोक्यावर ओलं पागोटं, अंगाला चिकटलेलं ओलं धोतर.

अंगणात येऊन बसला तेव्हा त्याचे दात माझ्या गळ्यातल्या घंटेपेक्षा जोरात वाजत होते. धुरपदाबाई शेतात कापूस वेचत होती. शेजारचा झुलाल धावला. माणूस भला, पण घाई फार. त्यानं उखर्डूला ओल्या कपड्यांतच शेकोटीपुढं बसवलं, हातपाय खसाखसा चोळले आणि मोहाची दारू पाजली. थोड्या वेळानं उखर्डूचं कापणं थांबलं.

"देखा, थंडी पयी गई!" झुलाल मिशीला पीळ देत म्हणाला.

मित्रांनो, मी गोठ्यातून पाहत होते आणि दावं ओढून हंबरले. का, ते मलाच माहीत. आणि एका बाईला.

तेवढ्यात ती बाई कापसाची ओटी घेऊन आली. बघते तर उखर्डू अंगातली पैरण ओढून काढतोय आणि जड जिभेनं बरळतोय, "गरम व्हई ऱ्हायनं! सोडा मले!" एवढ्या थंडीत गरम! सगळं गाव गोळा झालं. पुढं आला जीवराम भगत. गावातल्या भुताखेतांचा सगळा कारभार त्याच्याकडं.

"नदीमा आसरा ऱ्हातीस," पाण्यातल्या भुतन्यांचं नाव घेत तो म्हणाला. "त्यास्नी धरेल शे याले. हिरीना थंडा पानीना घडा आना. डोकावर टाकू, मंग त्या सोडतीन."

घडा आला. धुरपदाबाई नवऱ्याच्या आणि घड्याच्या मधे उभी राहिली.

"आबा, घडा खाली ठेवा."

"धुरपदा, बाजूले व्हय! तुले भूत काय समजस?"

"मले भूत नही समजत आबा, मले पारडू समजस! मन्ही म्हशीनं पारडू असंच कापता कापता थांबनं. तुम्ही बठ्ठा बोलनात, बरं व्हयनं. घंटाभरमा मरी गयं ते! याले भूत नही लागेल, थंडी लागेल शे. पानी टाकशात तर हात मोडी टाकसू!"

खरं होतं ते. त्याच्या दोन वर्षं आधी माझं मागच्या वेताचं पारडू अशाच थंडीत पहाटे जन्मलं होतं, ओलंचिंब. कापत होतं तोवर त्याच्या अंगात लढायची ताकद होती. कापणं थांबलं तेव्हा ती ताकद संपली होती, आणि आम्ही सगळे खूश झालो होतो. मीसुद्धा.

जीवरामनं घडा खाली ठेवला. मग बाईचं राज्य सुरू झालं.

"झुलाल भाऊ, ती बाटली फेकी दे. हातपाय चोळू नको. उचला, पन हळू, नुकत्या जन्मेल लेकरूगत!"

उखर्डूला त्यांनी माझ्या गोठ्यात आणलं, कारण घरात सगळ्यात उबदार जागा तीच. बाईनं ओले कपडे काढले, कोरड्या लुगड्यानं अंग टिपलं, डोकं गुंडाळलं आणि त्याला माझ्या पोटाशी निजवलं. मी शहाण्यासारखी आपणहून बसले आणि मग एकदाही हलले नाही! मग बाईनं घरातला वेचलेला कापूस आणला आणि आम्हा दोघांवर ओतला.

"वहिनी!" झुलाल ओरडला. "बठ्ठा कापूस शेणमा जाई!"

"जाऊ दे. कापूस पुढला साले पुन्हा उगी. हाऊ मानूस कोठे उगस?"

 मग झुलालही पाट्या भरभरून कापूस आणू लागला. आमचा संपला तेव्हा त्यानं स्वतःच्या घरातला आणला.

ऊन गोठ्याच्या दारातून आत आलं, भिंतीवर चढलं. उखर्डू दगडासारखा गार. बाई त्याच्या नाकापुढं कापसाचा पुंजका धरून बसली होती. तो हलतो का एवढंच पाहत होती. ऊन भिंतीवरून उतरलं, आणि उखर्डू थरथर कापायला लागला.

"मरस आते," जीवराम दारातून पुटपुटला.

धुरपदाबाई मात्र रडत रडत हसायला लागली. "कापना! मना मानूस कापना!" नवरा थरथरतोय म्हणून आनंदानं नाचणारी बायको गावानं त्याआधी पाहिली नव्हती. त्याला गिळता यायला लागल्यावर तिनं गूळ घातलेलं माझं कोमट दूध घोटघोट पाजलं. दिवेलागणीला त्यानं डोळे उघडले.

"मना तोंडवर कोन फुसफुसी ऱ्हायनं?"

"तुनी दुसरी बायको," ती म्हणाली. "काळी शे, पन गरम शे."

जीवरामनं गुपचूप तो घडा माझ्यापुढं सरकवला. मी सगळं पाणी पिऊन टाकलं.

आता मी दूध देत नाही. गावातले शहाणे म्हणतात, हिला बाजाराला काढा. धुरपदाबाई त्यांना म्हणते, आधी तुम्ही जा. मीही सांगून ठेवते, मी या गोठ्यातून हलणार नाही, चार बैल लावा ओढायला! आणि मित्रांनो, तुमच्या घरी कुणी भिजून गारठून आलं तर आधी ओले कपडे काढा. दारू नको, चोळणं नको, आगीत ढकलणं नको. कापणं थांबलं म्हणून खूश होऊ नका. आणि जमलं तर गोठ्यातल्या म्हातारीच्या पाठीवर एक पोतं टाका.

एवढं सांगून झालं की माझी शपथ मला टोचायला लागते. यातली एक गोष्ट मी रचली होती. मी आपणहून बसले, हलले नाही, ते खोटं. मी दोनदा उठले. तो गार देह मला नकोसा झाला, माझ्या पारडूसारखा लागला. तिसऱ्यांदा उठणार तर धुरपदाबाईनं माझं शिंग धरलं, कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाली, "बस वं माय. तुनं गयं. मनं जाऊ देऊ नको."

तेव्हा बसले.

दुधाच्या कांड्या मात्र खऱ्या होत्या.