दंडावरून दंडावर

मित्रांनो, हे वाचून झाल्यावर हात धुवा. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात ना, तो जुना निळा पट्टा मी. कारखान्यातून आलो तेव्हा मला कोऱ्या कापडाचा वास होता. कोल्हापुरातल्या या दवाखान्यात आता सहा वर्षं झाली. रोज तीस-चाळीस दंड. घाम, तेल, खरजेचे पापुद्रे, सगळं माझ्यात मुरलं. धुतलं एकदाही नाही. माझी मलाच शिसारी येते.

हुपरीच्या राजमतीकाकू गुडघा बदलायला आल्या. जन्मभर जमिनीवर बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडले, त्यात गुडघे गेले. बाहुबलीचा डोंगर पुन्हा आपल्या पायांनी चढायचा, एवढीच त्यांची इच्छा. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी त्यांच्या नाकात औषधांना दाद न देणारा जंतू सापडला होता. तो नुसता बसून राहील, त्रास देईलच असं नाही, पण कापलेल्या जागी शिरला तर अवघड, असं सांगून डॉक्टर अनुजांनी नाकात लावायला मलम दिलं होतं.

काकूंना तो अपमान वाटला. मला त्यांच्या दंडाला गुंडाळताना दीपा सिस्टरांनी मलमाचं विचारलं, तर काकूंनी खुशाल मान हलवली. सिस्टर वळताच नवऱ्याला, बाबासोंना, म्हणाल्या, "आमी पाणी गाळून पिणारी माणसं. माझ्या नाकात कसली घाण असणार? तुमच्या टाचंच्या भेगांला लागलं मलम, बरं झालं की."

ऑपरेशन झालं आणि दहाव्या दिवशी टाक्यांतून पिवळा पू आला. तो वास अजून माझ्या कापडात आहे. जंतू तोच. गुडघा पुन्हा उघडावा लागला. बाबासोंनी मान खाली घालून टाचांचं खरं सांगितलं. काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझ्याच नाकानं माझा डोंगर न्हेला."

डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक नाकातूनच आला, पण खात्री देता येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या विमलाबाईंच्या नाकातही तो होता आणि त्या ठणठणीत घरी गेल्या. पण मी रोज विमलाबाईंच्या घामट दंडावरून सुटून थेट काकूंच्या दंडावर जात होतो. मग सगळ्यांची नाकं तपासली, सिस्टरांचे हात तपासले. मला कुणी उलटून पाहिलंसुद्धा नाही.

मित्रांनो, काकूंचा गुडघा मी नासवला की नाही, मला खरंच माहीत नाही. पण मला धुवा हो.

आत्ताच सिस्टरांनी मला काकूंच्या दंडावरून चर्रकन सोडवलं. पलीकडच्या खाटेवर पाय मोडलेली अवनी आली आहे, सात वर्षांची. उद्या तिचं ऑपरेशन आहे. तिनं शहाण्यासारखी बाही वर करून ठेवली आहे.