साहेबाच्या पाण्यातले बदामाचे पान

मी बदामाचे एक वाळके पान आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी केव्हाच मेलेले आहे. घाबरू नका. माझे कामाचे दिवस मेल्यानंतरच सुरू झाले.

झाडावर असताना मी काही फार दिवे लावले नाहीत. हिरवे होते, मग तांबूस झाले आणि एका सकाळी देठ सुटून आपसूक खाली आले. खाली चष्मेवाले काका वाकून पाने वेचत होते. हिरव्या पानाला ते हात लावत नसत. जे आपणहून पडले तेच घ्यायचे, हा त्यांचा नियम. खिशातले भिंग डोळ्याला लावून त्यांनी मला उजेडात धरले आणि कुठे औषध फवारल्याचे डाग नाहीत ना, हे देठापासून टोकापर्यंत तपासले. इतक्या आपुलकीने मला कुणी कधी पाहिले नव्हते.

नुसत्या पाण्याने धुऊन, गच्चीवर सावलीत वाळवून त्यांनी आम्हाला चष्म्याच्या काचांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले. काकांच्या चष्म्यांच्या दुकानात बाकाशेजारी एक काचेची टाकी होती. तिच्यात एकच मासा, निळा, लांब पंखांचा आणि महाभांडकुदळ. कुणाचीच भीड ठेवत नसे, म्हणून गिऱ्हाइके त्याला ‘साहेब’ म्हणत. काका मात्र खुर्चीतून उठले रे उठले, की हा काचेपाशी हजर! अधूनमधून काका एक पान उकळत्या पाण्यात बुडवून काढत आणि टाकीत सोडत. पान तळाशी बसे, पाण्याला चहाचा रंग चढे आणि साहेब त्या सावलीत ऐटीत फिरे. कुणी नाक मुरडले की काका म्हणत, “अहो, लख्ख पाणी तुम्हाला हवंय. त्याला नकोय.”

एके दुपारी हातात भिंग असतानाच काका खुर्चीत बसल्याबसल्या वारले. समोर गिऱ्हाईक चष्म्याची वाट बघत बसले होते. खोक्यातून मला सगळे ऐकू आले.

मग दुकान काकू पाहू लागल्या. काकांच्या पद्धतीने त्याही एकेक पान सोडत गेल्या आणि शेवटी खोक्यात मी एकटे उरले. मला मात्र त्या सोडेनात. दुकान बंद करताना मला तळहातावर घेत आणि म्हणत, “यांच्या हातचं एवढंच राहिलं.” मला पुन्हा खोक्यात ठेवून त्या निघून गेल्या, की रिकाम्या दुकानात खुर्ची करकरे. तिच्यात कोण बसत होते, मला माहीत नाही. मला मात्र भिंगाखाली धरल्यासारखे वाटे.

इकडे टाकीतले पाणी निवळत गेले. साहेबाला काचेत आपलेच प्रतिबिंब दिसू लागले आणि तो दिवसभर त्या दुसऱ्या माशावर धावून जाऊ लागला. पंख फाटले, रंग उतरला. काकूही गिऱ्हाइकांच्या आरशासमोर तासन् तास बसत. त्या स्वतःला पाहत नव्हत्या, एवढे मला कळत होते.

काकूंची नणंद मोठी टापटिपीची. साहेबाची दशा बघून तिचा जीव कळवळला. पडलेली पाने म्हणजे कचरा, म्हणून तिने फांदीवरची हिरवीगार पाने तोडली, साबणाने चकचकीत धुतली आणि प्रेमाने टाकीत घातली. सकाळी पाण्याला फेस आणि दुर्गंधी. साहेब वर येऊन आडवा पडला होता, तोंड उघडत मिटत होता.

काकूंनी रागवण्यात वेळ घालवला नाही. साहेबाला पातेल्यात काढले, टाकी धुतली, साठवणीचे पाणी भरले आणि खोके उघडले.

“वहिनी, ते नको हो!” नणंद रडकुंडीला आली. “दादाचं शेवटचं आहे ते. मासा काय, दुसरा आणू.”

“दुसरा आणाल हो वन्सं,” काकू म्हणाल्या, “पण यांना ओळखणारा कुठून आणाल?”

मला उकळत्या पाण्यात धरताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी टाकीच्या तळाशी टेकले. माझा रंग सुटू लागला आणि पाणी तांबूस झाले. साहेब माझ्याखाली शिरून पडून राहिला. जगतो की जातो, कुणालाच सांगता येईना. दुकान उघडल्यावर काकू आधी टाकीपाशी येत, पण वाकून बघायचा धीर त्यांना होत नसे. मग एका सकाळी साहेब स्वतःच वर आला, पंख फुलवले आणि काकूंच्या बोटावर काचेतून धावून गेला. काकू खाली बसून ओक्साबोक्शी रडल्या. काका गेले तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

आता माझ्या नुसत्या शिरा उरल्या आहेत. परवा नणंद फडके घेऊन आली. टाकीत डोकावून म्हणाली, “वहिनी, दादाचं पान कुठे दिसत नाही हो.”

“पाण्यात उतरलं सगळं,” काकू म्हणाल्या. “पाणी तेवढं एकदम ओतून टाकू नका.”

नणंदेने फडके खाली ठेवले.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. कुणाच्या घरात असे तांबूस पाणी दिसले, तर घाण समजून हात घालू नका. आधी घरच्यांना विचारा, त्यात कोण आहे.