भरपाई ड्युटी

भाषण मला पाठ आहे. बहिणींनो, मीही तुमच्यासारखीच

(इथं थांबायचं, ओढणी सारखी करायची. जयमाला मॅडमनी कागदावर तसं लिहून दिलंय. मॅडम आमच्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य.)

साध्या घरातली. आपल्या समाजातल्या मुली या कामात इतक्या कमी का?

लोणार. उर्दू शाळेचा व्हरांडा. मागे बॅनर, बॅनरवर मीच, पांढऱ्या कोटात. तीन वर्षांतलं हे बेचाळिसावं गाव. प्रत्येक गावात भाषण करायचं, मग पाच-सहा बायांचं बीपी बघायचं. सगळ्या ठणठणीत.

सकाळी जीप निघताना संजीवनी सिस्टर खिडकीशी आल्या. वॉर्डातलं काम त्याच शिकवतात.

"आसमा, तुह्या वॉर्डातल्या ड्युट्या एकेचाळीस कमी भरून राह्यल्या वं. परीक्षेचा फॉर्म अडकते."

"मी तर मॅडमसंगंच फिरत होती, सिस्टर."

"मले माहीत हाय. रजिस्टरले नाही माहीत."

पुढच्या सीटवरून मॅडम म्हणाल्या, "सुट्टीत भरपाई ड्युटी कर. अर्ज माझ्या पर्समध्येच आहे. आजचा कार्यक्रम नीट होऊ दे, सही करते."

ड्रायव्हर दयारामभाऊ हसले. "इलेक्शनले उभी राह्य तू, आसमा. पेशंट पाह्यला का कधी?"

पाहिला. एका आजोबांना सलाईन लावायला शिकत होते. शीर सापडली होती. सुई टोचणार तेवढ्यात निरोप आला, गाडी उभी आहे.

बहिणींनो, आज मी माझ्या पायांवर

उभी आहे, म्हणून झालं. टाळ्या. पुढच्या रांगेत बसलेल्या अमीनाबी मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरून घेऊन आल्या. मुलगी बारावी झालेली. मी अमीनाबींच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायला बसले, तेव्हा मुलगी वाकून विचारू लागली,

"दीदी, पहिल्यांदा सुई टोचताना हात थरथरतो का?"

मला माहीत नव्हतं.

तिला काय सांगायचं, तेही कागदावर नव्हतं. मी पट्टा आवळला आणि अमीनाबींच्या कानाशी हळूच, घरच्या बोलीत म्हणाले, "खाला, बेटी को यहाँ मत डालो. सिखाते नहीं, घुमाते."

अमीनाबींनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. आणि दुकानात भाव विचारावा इतक्या सरळपणे, मोठ्यानं विचारलं,

"मॅडम, हे पोरगी तं म्हंते दुसऱ्या कॉलेजात टाका. काऊन जी?"

पट्ट्यातली हवा मी सोडली नव्हती, अमीनाबींचा हात फुगल्यासारखा झाला होता. त्यांनीच तो हलवून दाखवला. सोडली.

मॅडम हसल्या. "दमलीय ती. रोजचा प्रवास."

"हाव, तेही खरं," अमीनाबी म्हणाल्या. "आन दुसऱ्या कॉलेजाचं कोनी आमच्या दारात आलंच नाही. तुमीच आले."

त्यांनी फॉर्म दिला.

मॅडमनी तो पर्समध्ये ठेवला, माझ्या अर्जाशेजारी असेल. चेन ओढली. पेन बाहेर आलं नाही. सही नाही, सुट्टीतली ड्युटी नाही, परीक्षा नाही, हे मला त्या चेनवरूनच कळलं.

मग त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बॅनरसमोर उभं केलं. तिची ओढणी नीट केली. मोबाईल दयारामभाऊंकडे दिला.

"आसमा, बाजूला हो जरा. फोटोत येतेस."