चार बोटं उंच

वामनराव बंदुकीला भीत नसत आणि डुकरालाही भीत नसत. ते भीत फक्त कागदाला. म्हणूनच पीकरक्षणाच्या परवान्याचं नूतनीकरण करायला ते दरवर्षी नेमके शेवटच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत हजर व्हायचे. आधी गेलं की कारकून विचारायचा, एवढी घाई काय आहे. नंतर गेलं की विचारायचा, आता कशाला आलात. शेवटचा दिवस तेवढा निर्धोक, असा त्यांचा अनुभव होता.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालचा शेवटचा दिवस मात्र तसा निघाला नाही.

त्याला कारण झाली नवी बंदूक. तेल्हाऱ्याकडे वामनरावांची नाल्याकाठची ज्वारी होती, आणि नाल्यातल्या बाभळीत डुकरांचा मुक्काम होता. वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आतून इतकी झिजली होती की पाच वेळा चाप ओढला तर तीन वेळा नुसती दारू पेटवायची टोपी वाजायची. डुकरांना हे प्रमाण पाठ झालं होतं. म्हणून दिवाळीनंतर वामनरावांनी परवान्यावर शेरा मारून घेतला, अमरावतीला जाऊन ती बंदूक दुकानात दिली आणि दुसरी ठासणीचीच, पण नव्या घडणीची, घेऊन आले.

दुकानदार म्हातारा आणि बोलका होता. त्यानं बजावून सांगितलं की जुन्या टोप्या हिच्यावर सैल बसतील, तेव्हा हिच्याच टोप्या वापरा. जुन्या मापानं दारू भरू नका, कमीपासून सुरुवात करा आणि आधी शेताच्या धुऱ्यावर पोतं टांगून दोन बार काढा. आणि ठासायचा गज हिचाच ठेवा. वामनरावांनी पहिल्या दोन गोष्टी मोटारस्टँडपर्यंत घोकत नेल्या. तिसरी त्यांच्या कानावरून गेली, कारण त्या वेळी ते नव्या गजाकडे नाराजीनं बघत होते. तो लोखंडी होता. थंडीच्या पहाटे हातात धरवणार नाही, असा.

जुना गज सागाचा. बंदूक दिली तरी तो त्यांनी परत मागून आणला. वडिलांच्या हातचा आहे, असं म्हणाले. त्या गजावर एक खाच होती, आणि त्या खाचेवर वामनरावांचा देवापेक्षा थोडा जास्तच विश्वास होता. ठासणीची बंदूक मधून मोडून बघता येत नाही. पोटात काय आहे ते गजच सांगतो. रिकाम्या नळीत गज सोडला की खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत दारू, चिंध्या आणि छर्रे ठासलेले असले, तर खाच चार बोटं वर थांबते. दिवा लागत नाही, आठवण लागत नाही.

आठवणीचीच तर अडचण होती. सोमवारी संध्याकाळी त्यांनी नव्या गजानं नवी बंदूक ठासली, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मंगळवारी मळ्यावर मुलानं, सहदेवनं, ती उडवली की नाही, हे ठाऊक नव्हतं. सहदेव बुधवारी पहाटेच परतवाड्याला सासुरवाडीला निघून गेला. जाण्यापूर्वी त्यानं लोखंडी गजानं हुरड्याची कणसं निखाऱ्यांवर फिरवली, आणि गज मळ्यावरच विसरला. त्याच बुधवारी सकाळी वामनराव निघाले तर बंदुकीखालची गजाची जागा मोकळी. सामान अपुरं म्हणून कारकून परत पाठवील, या धास्तीनं त्यांनी खुंटीवरचा सागाचा गज काढला, नळीत सोडून बघितला. खाच बरोबर तोंडाशी आली. सहदेवनं उडवली म्हणायची. त्यांनी गज खालच्या जागी सरकवला आणि मोटार गाठली.

सोबत लीलाबाई होत्या. कचेरीचं काम आटोपलं की त्यांना बहिणीकडे जायचं होतं. कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली ऊन बघून त्यांनी बैठक मारली आणि भाकरीचं गाठोडं मांडीशी घेतलं. वामनराव फाटकाशी गेले. तिथल्या शिपायानं नेहमीचा कागद पुढे केला: बंदूक रिकामी आहे, भरलेली आढळल्यास परवाना रद्द होण्यास माझी हरकत नाही. हरकत नाही, असं वामनरावांनी सहीनिशी लिहून दिलं. ती सही त्यांनी फार सुबक केली, हे त्यांना पुढे आयुष्यभर आठवत राहिलं.

व्हरांड्यात रांग होती. आत नायब तहसीलदारांचं टेबल, शेजारी खिडकी, खिडकीशी देवमन जमादार. देवमन बंदुकीचा नंबर वाचायचा, ती टोपीवर नीट चालते की नाही हे पाहायला एक टोपी चढवायचा, नळी खिडकीबाहेर धरून चाप ओढायचा. फट. मग म्हणायचा, चालू. साहेब सही करायचे. पूर्वी तो नळी जमिनीकडे धरायचा, पण टोपीचा धूर साहेबांच्या नाकात जाऊन त्यांना एकदा ठसका लागला. तेव्हापासून सगळ्या तालुक्याच्या बंदुका खिडकीबाहेर तोंड करून तपासल्या जात.

रांगेत वामनरावांच्या पुढे बाळापूरकडून तेल्हाऱ्याजवळच्या मामाच्या शेतीवर आलेले नत्थुजी होते. नत्थुजींना गप्प बसवत नसे. त्यांच्या हातची बंदूक पाहून वामनरावांना भरून आलं. ती त्यांच्या जुन्या बंदुकीची जुळी बहीण होती, तीच घडण, नळीवरचं तेच पितळी बांगडं. दोघांनी आपापल्या बंदुका भिंतीला शेजारी शेजारी टेकवल्या.

नत्थुजींनी एक डोळा बारीक केला. "वामनराव, तुमची माह्यापेक्षा उंच हाये." मग त्यांनी मधल्या अंतरावर आपला हात आडवा लावला. "चांगली चार बोटं."

वामनराव हसले. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

चार बोटं. नळी चार बोटं लांब, तर जुना गज रिकाम्या नळीत चार बोटं आत गेला पाहिजे. खाच दिसायलाच नको. सकाळी ती तोंडाशी दिसली. म्हणजे खाली चार बोटं काहीतरी होतं. दारू, चिंध्या आणि बारा मोठे छर्रे, सोमवारी त्यांनी स्वतःच्या हातानं ठासलेले.

सहदेवनं उडवली नव्हती.

आत फट वाजली आणि वामनराव एवढे दचकले की नत्थुजींनी विचारलं, उचकी लागली काय.

पुढे आठजण होते. वामनरावांनी विचार करायचा प्रयत्न केला. रांग सोडून बाहेर जावं, तर फाटकावरचा शिपाई तपासणीचा शिक्का असल्याखेरीज बंदूक बाहेर नेऊ देत नव्हता. ठासलेलं उपसायला पेचाचा गज लागतो, तो घरी. आत जाऊन खरं सांगावं, तर हरकत नाही म्हणून लिहून दिलेलंच होतं. परवाना गेला की बंदूक जमा, आणि बंदूक जमा झाली की नाल्याकाठची ज्वारी डुकरांच्या नावावर. नत्थुजी मात्र रंगात आले होते. त्यांच्या मावसभावाच्या बंदुकीचा बार कसा भलत्या वेळी सुटला आणि कवाडातून पार होऊन म्हशीच्या शिंगाला कसा लागला, ते म्हशीच्या स्वभावासकट सांगत होते.

"मेली काय?" वामनरावांनी विचारलं.

"मेली नाई. पन दूध देनं बंद केलं तिनं."

तेवढ्यात किटली घेऊन चहावाला व्हरांड्यातून फिरत आला. वामनरावांनी दोन कप मागितले. नत्थुजींना वाटलं, एक आपल्यासाठी. त्यांनी हात पुढे केला तो तसाच राहिला, कारण वामनराव दोन्ही कप घेऊन खांबाआड गेले होते. तिथे त्यांनी बंदूक मांडीशी उभी धरली, पागोट्याचा पदर आड केला आणि पहिला कप नळीत ओतला. चहा खूप हळू उतरत होता. दुसरा अर्धा मावला आणि तोंडाशी साय धरून थांबला. दारू भिजली की बार गेला, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण मध्ये चिंध्या होत्या. चिंध्या त्यांनी स्वतः ठासल्या होत्या, आणि ठासण्याच्या बाबतीत वामनराव कधी आळस करत नसत. आज पहिल्यांदा त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

ते नळी किंचित हलवून कान लावून ऐकत राहिले. आत चहा दारूपर्यंत पोचला का, हे नळी सांगेना.

फट. चालू. फट. चालू.

नत्थुजी आत गेले. वामनराव उंबऱ्यावर आले. तिथून त्यांना खिडकी पहिल्यांदाच नीट दिसली. खिडकीत निंब होता, आणि निंबाखाली नेमक्या चौकटीच्या मधोमध लीलाबाई बसल्या होत्या. उन्हात डोळे किलकिले करून त्या कांदा फोडत होत्या.

नत्थुजींच्या बंदुकीची नळी लीलाबाईंच्या दिशेनं गेली. फट झालं. लीलाबाईंनी कांद्याची पात वेगळी काढून ठेवली.

"वामन सूर्यभान," देवमननं पुकारलं.

वामनरावांनी बंदूक दिली. आपण ती दिली हे त्यांना हात रिकामे झाल्यावर कळलं. देवमननं नंबर वाचला, नवी आहे म्हणाला, चांगली आहे म्हणाला. डबीतून टोपी काढली. वामनराव मनाशी हिशेब लावत होते. दीड कप चहा, चार थर चिंध्या, अर्धा तास. भिजली असेल. भिजलीच असेल. देवमननं टोपी चढवली, घोडा मागे ओढला. बंदूक अजून उभी होती. आता ती आडवी होऊन खिडकीकडे वळू लागली, आणि भिजली असेल या शब्दांतला असेल वामनरावांना पुरेनासा झाला.

"थांबा, जमादार." ते अगदी हळू बोलले. "भरली हाये ते."

देवमननं नळी पुन्हा वर केली, अंगठ्यानं घोडा सावकाश खाली आणला आणि टोपी काढून घेतली. साहेबांनी टाक खाली ठेवला. फाटकावरचा कागद त्यांच्या समोरच होता, वरती सुबक सही.

"भरलेली आहे?" साहेब म्हणाले. "कशानं?"

वामनरावांना दारू म्हणायचं होतं. छर्रे म्हणायचं होतं. पण भेदरलेल्या माणसाच्या तोंडून जे वर असतं तेच आधी बाहेर पडतं, आणि नळीतही तेच वर होतं.

"चाहानं, साहेब."

देवमननं बंदूक उलटी केली. नळीतून चहा आला. थोडाच आला, पण साईसकट आला, आणि साहेबांच्या टेबलाच्या पायाशी त्याचं लहानसं तळं झालं. कारकून आधी हसला. मग दारातले सगळे हसले. नत्थुजी सर्वांत जास्त हसले, कारण आपला कप कुठे गेला याचा त्यांना आता उलगडा झाला होता. साहेब हसले नाहीत. त्यांनी नोकरीत बरंच पाहिलं होतं, पण चहा भरून आणू नये असा नियम त्यांना आठवेना. त्यांनी शेरा लिहिला: नळी ओली. पुसून पुन्हा दाखवावी.

देवमन वामनरावांना घेऊन कचेरीच्या मागल्या पडवीत गेला. त्याच्याकडे पेचाचा गज होता. तो नळीत सोडल्यावर त्याचा हात मध्येच थांबला. त्यानं वामनरावांकडे पाहिलं आणि पेच फिरवला. चहानं काळपटलेल्या चिंध्या आल्या. बारा छर्रे आले. पुन्हा चिंध्या आल्या. पहिल्या ओल्या होत्या, दुसऱ्या दमट होत्या, शेवटची बोटात धरली तर कोरडी होती.

मग देवमननं नळी तळहातावर आपटली. काळी, चमकदार, सुटी दारू त्याच्या हातावर पडली. त्यानं फुंकर मारली तर ती उडाली.

वामनराव पडवीच्या पायरीवर बसले.

"सांगून काहून नाई देल्लं आधी?" देवमननं विचारलं.

"परवाना जाईन म्हून."

"आन त्या निंबाखाली बाई कोन?"

"माही."

देवमननं दारू मातीत टाकली आणि बराच वेळ बुटानं चोळत राहिला. मग तो आत गेला. पुढच्या बंदुकीची टोपी वाजली तेव्हा साहेबांना मोठा ठसका लागला, आणि त्यानंतरही लागत राहिला. शेवटी देवमननं वामनरावांच्या कागदावर शिक्का आणून दिला आणि एवढंच म्हणाला की पुढच्या साली गज हिचाच आना. बंदुकीखालचा सागाचा गज त्यानं काढून ठेवला होता, तो परत केला नाही. वामनरावांनी मागितला नाही.

निंबाखाली लीलाबाईंनी भाकर वाढून ठेवली होती आणि चहावाल्याकडून एक कप घेऊन वर बशी झाकली होती.

"प्या, थंड होऊन राहिला," त्या म्हणाल्या.

वामनरावांनी कपाकडे पाहिलं आणि तो बाजूला सरकवला. "त्या अंगाले बस तू. झाडामांगं."

"काहून? अथी ऊन कसं चांगलं लागून राहिलं."

रांगेत अजून पाच बंदुका होत्या. देवमन आता नळी जमिनीकडे धरतो, हे वामनरावांना माहीत होतं. तरी ते उठले, लीलाबाई आणि खिडकी यांच्या मधोमध मांडी घालून बसले, खिडकीकडे पाठ केली आणि भाकरीचा पहिला घास हातात धरून पाचही टोप्या वाजायची वाट पाहू लागले.