फ्रोसो थांबली, जहाज थांबले नाही

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगितलेले बरे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावे, सुखाचे दिवस आठवून एखादा सुस्कारा सोडावा, अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमेलसे वाटत नाही. खरे म्हणजे मला नीट सांगता तरी येईल का, याचीच शंका आहे. आयुष्यभर मी नुसती घरघरले, बोलले कधीच नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे काही वर्षे मी शाळेच्या मुलांची ने-आण केली. मग जुनी झाले म्हणून मला विकून टाकले आणि मालवाहू बोटीच्या पोटात बसून मी थिमारी बेटावर उतरले. बंदरावर माझा होणारा ड्रायव्हर निकिफोरोस वाट पाहत उभा होता. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, टायरला हलकीशी लाथ घातली आणि म्हणाला, "अगदी फ्रोसोआत्यावर गेलीय. ठेंगणी, रुंद आणि सदा कुरकुरणारी!" तेव्हापासून मी फ्रोसो. त्याने मला निळा रंग दिला, पुढच्या आरशाला संत निकोलसचे चित्र लावले आणि दृष्ट लागू नये म्हणून काचेचा निळा मणी बांधला.

किनाऱ्याकडे वळणारा छोटा फाटा सोडला, तर थिमारीवर रस्ता एकच आहे. बंदरावरून निघतो, डोंगराला वेढे घालत वरच्या गावापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. तो रस्ता म्हणजे माझा संसार. पाव, औषधाच्या बाटल्या, कोंबड्या, दुरुस्त केलेली शिवणयंत्रे, मतपेट्या, एकदा तर लग्नाच्या पोशाखात रुसून बसलेली नवरी, असे सगळे मी वर नेले आणि खाली आणले.

आणि माझी एक रीत होती. फ्रोसो कोणाला मागे सोडून जात नसे. माझे वेळापत्रक कॉफीच्या दुकानात भिंतीवर चिकटवलेले होते, पण ते वाचायची कोणाला गरज पडली नाही. परतीच्या वेळी सकाळचा एखादा माणूस दिसला नाही, तर निकिफोरोस भोंगा वाजवी. तरी आला नाही तर कोणीतरी उतरून शोधायला जाई. बाकीचे बसून राहत. शिव्या घालत, पण बसून राहत. कारण आज जो मागे राहिला त्याच्या जागी उद्या आपण असू, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मग जहाजे येऊ लागली.

एकेक जहाज आमच्या सगळ्या बंदरापेक्षा मोठे. सकाळी यायचे, तीन-चार हजार माणसे ओतायचे आणि दुपारी पुन्हा गिळून निघून जायचे. ज्यांनी जहाजाच्या सहलीचे पैसे भरलेले असत, त्यांच्यासाठी थंडगार काचेच्या गाड्या उभ्या असत. "आम्ही आमचे आम्हीच फिरू," असे म्हणणारे मात्र माझ्याकडे येत. सुरुवातीला मला ते आवडले, खोटे कशाला सांगू? हातात नकाशा, पायात नवे बूट, डोळ्यांत कुतूहल. पण पाच-दहाचे पन्नास झाले, आणि आमची म्हातारी माणसे हातात पिशव्या घेऊन थांब्यावर उभी राहू लागली. मी भरून निघून जाई. त्यांच्यासमोरून जाताना माझी मान खाली जाई, म्हणजे बसला असते तेवढी.

माझा आताचा मालक झानिस. तोही याच बेटाचा, वरच्याच गावात वाढलेला. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. त्याने फर्मान काढले, की जहाज असेल त्या दिवशी बस वर जाणार नाही. बंदर ते समुद्रकिनारा, किनारा ते बंदर. दिवसभर एवढेच.

निकिफोरोसला ते पाहावे लागले नाही. त्या वसंतातच तो गेला. माझे चाक त्याच्या भाच्याच्या, स्टाथिसच्या हातात आले. झानिसने त्याला पहिल्याच दिवशी बजावले, "हे बघ, जहाजाचा एक जरी माणूस तुझ्यामुळे मागे राहिला, तर तू घरी आणि हा डबा भंगारात. समजलं?"

स्टाथिसला समजले. मलाही.

त्या रविवारी निकिफोरोसचा चाळिसावा होता. आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी देवळात प्रार्थना होते आणि घरची बाई कोलिवा घेऊन जाते. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बेदाणे, वर पिठीसाखरेचा पांढरा थर आणि त्यावर रुपेरी बदामांनी काढलेला क्रॉस. प्रार्थना झाली की तो सगळ्यांना वाटायचा, आणि खाणाऱ्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणायचे. परात हलली तर साखर फुटते, क्रॉस मोडतो. म्हणून बसमध्ये कोलिवा असला, की वळणावर गाडी माणसाच्या पावलाने चालवायची, अशी आमची पद्धत.

निकिफोरोसची बायको अर्गीरो बंदराजवळ राहते. त्याला पुरले होते वरच्या गावात, आणि प्रार्थनाही तिथेच. सकाळी ती काळे कपडे घालून, परात दोन्ही हातांवर तोलत माझ्या दाराशी आली. बंदरात जहाज उभे होते. मी गच्च भरले होते.

स्टाथिसचा चेहरा पडला. "मामी, आज बस वर जात नाही गं. जहाज आहे."

"तुझ्या मामाला तसं कळवायचं होतंस," अर्गीरो म्हणाली. "दोन दिवस उशिरा मेला असता."

"मामी, झानिस म्हणतो..."

"झानिसला लहानपणी गोवर झाला, तेव्हा तुझा मामाच ह्याच गाडीतनं त्याला रात्री डॉक्टरकडे घेऊन गेला होता. सांग त्याला." आणि ती पायरी चढून आत आली.

पुढचे बाकडे कोलिव्यासाठी सोडायचे, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण तिथे पोहण्याच्या सामानाची एक पिशवी आरामात बसली होती आणि पिशवीचा मालक खिडकीबाहेर पाहत होता. अर्गीरो उभीच राहिली. मागून एक मुलगी पुढे वाकली, परात पाहून हर्षभरित झाली आणि तिने फोन वर धरला. तिला तो वाढदिवसाचा केक वाटला असावा.

"काढ बाई, काढ फोटो," अर्गीरो म्हणाली. "जिवंतपणी त्याचा एक फोटो कोणी धड काढला नाही. आता तरी काढ."

मुलगी गोड हसली. तिला एक अक्षर कळले नव्हते. मित्रांनो, माझ्या इंजिनातले पाणी तेव्हाच उकळले. त्या मुलीचा दोष नव्हता, हे आज मला कळते. तेव्हाही कळत होते बहुतेक. पण राग काही विचारून येत नाही.

स्टाथिसने आरशावरच्या संत निकोलसकडे पाहिले, छातीवर क्रॉसची खूण केली आणि किनाऱ्याच्या फाट्यावर मला डावीकडे न वळवता सरळ डोंगरावर घातले.

आत गलका झाला. कोणी नकाशा उघडला, कोणी काचेवर थापा मारल्या. स्टाथिस मोडक्यातोडक्या परक्या भाषेत ओरडत होता, "देऊळ! छान! मग किनारा!" मी मात्र वळणावळणाला माणसाच्या पावलाने चालले. इतकी हळू मी जन्मात चालले नव्हते. एक दाणा हलू दिला नाही.

वरच्या गावात पापा-लुकास पाद्री प्रार्थना लांबवत लांबवत वाटच पाहत होता. अर्गीरो पोचली. क्रॉस अखंड होता.

जहाजाची माणसे चौकात उतरून आधी घुटमळली. प्रार्थना संपली तशा गावच्या बाया बाहेर आल्या आणि आमची माणसे करतात तेच त्यांनी केले. दारात आलेल्या प्रत्येकाच्या मुठीत कोलिवा ठेवला. मग कॉफी, ब्रँडीचा छोटा पेला आणि कडक टोस्ट. मयताच्या घरचे नाकारायचे नसते. "खा रे, किती वाळलायस!" म्हणून एका म्हातारीने त्या पिशवीवाल्यालाच खांद्याला धरून बसवले, आणि तो बसला, खाऊ लागला. कोणी गाणे गुणगुणले, कोणी हसले. खोटे का बोलू, तेवढा वेळ माझा राग उतरला होता.

खाली जायची वेळ झाली. स्टाथिसने डोकी मोजली. दोन कमी.

टोपी घातलेला एक म्हातारा आणि त्याची बायको नकाशा पाहून डोंगरावरच्या छोट्या देवळाकडे चालत गेल्याचे कोणीतरी सांगितले. स्टाथिसने माझा भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. एक गावकरी पायवाटेने धावत गेला.

आतली माणसे घड्याळावर बोट आपटू लागली. त्यांची भाषा मला येत नाही, पण घड्याळावर बोट आपटणे सगळ्या भाषांत एकच असते. एक लालबुंद खांद्यांची बाई उठून स्टाथिसच्या कानाशी ओरडली, हाताने खाली दाखवले. "चल! चल! त्यांचं ते बघतील!" असे ती म्हणत असणार.

पापा-लुकास खिडकीशी आला. "काय करतोस, स्टाथिस? झानिस तुला फाडून खाईल."

"मग काय करू, पापा? दोन म्हातारी माणसं डोंगरावर टाकून जाऊ?"

"जाऊ नकोस," पापा म्हणाला. "मी फक्त विचारलं."

आणि आम्ही थांबलो. मित्रांनो, आम्हाला दुसरे काही येतच नव्हते. पलीकडच्या बेटावरचा कोणी ड्रायव्हर असता तर अडतीस माणसे घेऊन निघाला असता आणि दोघांसाठी नंतर टॅक्सी पाठवली असती. हिशेबाने तेच बरोबर असेलही. पण स्टाथिस माझ्याच बाकड्यांवर लहानाचा मोठा झाला होता.

शेवटी ती दोघे आली. म्हाताऱ्याचा पाय मुरगळला होता. धावत गेलेल्या गावकऱ्याच्या पाठीवर तो बसला होता आणि हातात रानओव्याची जुडी होती. बसमधून त्याच्यावर शब्दांचे दगड पडले. त्याने टोपी काढली आणि सगळ्यांकडे पाहिले.

"बस, आजोबा, बस," अर्गीरोने रिकामी परात खाली ठेवून त्याला आपल्याशेजारी ओढले. "ह्यांच्याकडे नको लक्ष देऊस. पाय वर घे."

मग मी सुटले. माझे ब्रेक कळवळले, टायर तापले, पत्रा न् पत्रा किंचाळला. अर्धा डोंगर उतरून शेवटच्या मोठ्या वळणावर आलो आणि समोर समुद्र उघडला.

जहाज निघाले होते.

किनाऱ्यापासून ते फारसे दूरही गेले नव्हते. पाण्यावर नुकता पांढरा पट्टा उमटत होता. त्याने लांबलचक भोंगा दिला. ती लालबुंद खांद्यांची बाई तोंडावर हात ठेवून उभी होती, आणि तिचा मला राग यायचा थांबला. तिचेच घर तिला सोडून चालले होते.

बंदरावरच्या कार्यालयात जहाज कंपनीचा माणूस म्हणाला, जे स्वतःचे स्वतः फिरतात त्यांच्यासाठी जहाज थांबत नाही, नियमच आहे. त्याने हातातले कागद टेबलावर ठोकून सारखे केले आणि कार्यालय बंद केले. त्या रात्री ती चाळीस माणसे बंदरावरच्या घराघरांतून झोपली. अर्गीरोकडे टोपीवाला आणि त्याची बायको. दुसऱ्या दिवशी मोठ्या बोटीने ती सगळी गेली. त्यातल्या कोणी तक्रार केली, कोणी नाही. जी केली तेवढी पुरली.

आता मला सांगा, मित्रांनो. चार हजार माणसे पोटात असलेले जहाज आपल्याच चाळीस माणसांना टाकून गेले, त्याला कोणी एक शब्द बोलले नाही. दोन माणसांसाठी थांबलेल्या स्टाथिसला झानिसने चौकात, सगळ्यांसमोर घरी पाठवले. माझी चावी काढून घेतली. तेव्हापासून मी बंदरामागच्या जुन्या तेलघाण्याच्या अंगणात उभी आहे. टायरमधली हवा गेली. निळा रंग सोलून खालचा पिवळा दिसतो. बाकड्यांवर एका मांजरीने पिल्ले घातली आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझ्या जागी पांढरी नवी बस आली आहे. ती वेळेवर सुटते. जहाजाच्या दिवशी वरच्या गावाची माणसे डोंगरातल्या दगडी पायऱ्या उतरून येतात आणि पायऱ्या चढून जातात. निकिफोरोसच्या थडग्याकडे जायचे, तर अर्गीरोसुद्धा.

परवा झानिस दोन माणसांना घेऊन आला. माझे इंजिन काढायचे, मला धुऊन पुसून पुन्हा निळी करायची आणि धक्क्यावर नेऊन ठेवायची, असा त्याचा बेत आहे. माझ्यात कॉफीचे दुकान निघणार आहे. "जुनी बस बघितली की लोक वेडे होतात," तो म्हणाला. "फोटो काढतील, बसतील, खर्च करतील." स्टाथिसला कळले तेव्हा तो तेलघाण्यावर आला, माझ्या दाराला टेकला आणि म्हणाला, "फ्रोसो, तुझं हृदय काढून त्या जागी साखरेच्या पुड्या ठेवणार गं."

कदाचित माझेच चुकत असेल. जग घड्याळावर चालते, आणि मी एका लहान बेटावरची जाड, ठेंगणी गाडी. तुम्हीच ठरवा. पण कधी अनोळखी गावी उतरलात, तर आपले आपण खुशाल फिरा. नकाशा घ्या, चुका, रानओवा तोडा. फक्त बसमध्ये चढल्यावर आधी पाहा, की कोण उभे आहे आणि त्याच्या हातात काय आहे. पुढच्या बाकड्यावरची पिशवी मांडीवर घ्या. आणि कोणी मागे राहिले असेल, तर ड्रायव्हरच्या कानाशी ओरडू नका. उतरा, शोधायला जा.

आमच्या धक्क्यावर आलात तर मी तिथे असेन, निळी, चकचकीत आणि आतून रिकामी. माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढाल. काढा. पण मी हसणार नाही. बसला हसता येते कुठे, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण रागावता येते, हे तर आता पटले ना?