बोळातली प्रेमशिळा

जोडप्यांसाठी जुन्या बेंगळूरची सफर आखायचं काम क्षमाकडे आलं, तेव्हा ती मनापासून खूश झाली होती. तिचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात आलं, असं तिचे वडील सांगत. ते खरं असो नसो, पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, गल्ल्या मात्र तिला स्वतःच्या घरातल्या खोल्यांसारख्या ठाऊक होत्या. गिरीराजच्या पर्यटन कंपनीत शाळांच्या सहली नेऊन नेऊन ती कंटाळली होती. आता काहीतरी जिव्हाळ्याचं करायला मिळणार होतं.

तिने आखणीही तशीच केली. पहाटे लालबागेतल्या मोठ्या खडकावर बसून सूर्य उगवताना पाहायचा. मग फुलांच्या बाजारात एकमेकांसाठी गजरा किंवा हार निवडायचा, पण काय घेतलं ते शेवटपर्यंत लपवून ठेवायचं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याउभ्या बाय-टू, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत वाटून. टिपूच्या लाकडी महालाच्या सज्ज्यात थोडा वेळ नुसतं गप्प बसायचं. गिरीराजला सगळं आवडलं. फक्त शेवट फिका वाटतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

गिरीराज निपाणीकडचा. काही वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीत संगणकापुढे घालवून त्याने ही कंपनी काढली होती. बोलण्यात गोड, डोक्याने तल्लख, आणि लोकांना काय हवं असतं ते त्याला वासावरून कळायचं. एका दुपारी त्याने क्षमापुढे मोबाइल धरला. पेटेतल्या एका बोळात, पिंपळाखाली, कमरेएवढा उभा दगड. दगडावर एक पुरुष आणि एक बाई कोरलेली. बाईचा उजवा हात कोपरात वाकवून वर उचललेला, मनगटात बांगड्या, तळवा उघडा.

त्याने नावही ठरवून टाकलं होतं. प्रेमशिळा. जोडप्यांनी पिंपळाला लाल दोरा बांधायचा आणि सात जन्मांची साथ मागायची. गोष्टही तयार होती. एक शिपाई लढाईत पडला. त्याच्या बायकोचं प्रेम एवढं की तीही त्याच्या मागोमाग गेली.

"कुठे गेली?" क्षमाने विचारलं.

"स्वर्गात की."

क्षमाला वाटलं, याला माहीत नाही. म्हणून तिने शांतपणे समजावून सांगितलं की हा सतीचा दगड आहे. इथले लोक त्याला मास्ती म्हणतात. बांगड्यांसकट वर उचललेला हात ही त्याची खूण. या बाईला नवऱ्याच्या चितेवर जिवंत जाळलेलं आहे.

"ठाऊक आहे मला," गिरीराज म्हणाला. "आमच्या गावाकडं पण आहेत असले दगड. पण प्रेम होतंच की तिचं. जाळलं असं आपण म्हणायचं नाही, एवढंच."

त्याला ठाऊक होतं, हेच क्षमाला सहन होईना. अडाणीपणावर ती कधी चिडली नव्हती. पण हा माणूस जाणूनबुजून एका बाईचं जळणं धुऊनपुसून, त्यावर लाल दोरा गुंडाळून विकायला निघाला होता. मी हे करणार नाही, असं तिने तोंडावर सांगितलं आणि उठून बाहेर गेली. मेट्रो धरून ती तडक घरी निघाली.

राजाजीनगरच्या घरी तिची थोरली बहीण नयना नुकतीच ऑफिसमधून येऊन भाजी निवडत होती. नयनाच्या नवऱ्याचा पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनचा छोटा कारखाना होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला. दहाव्याला नणंदेने नयनाच्या बांगड्या दगडाने फोडायला घेतल्या, तेव्हा क्षमाने नणंदेचं मनगट धरलं होतं. घरातल्या दोन पुरुषांनी क्षमाला ओढत जिन्यावर नेऊन सोडलं आणि आतून कडी लावली. बंद दाराआडून तिला काच फुटल्याचा आवाज आला होता. त्याआधीच त्या घरात कुणीतरी म्हणालं होतं, नवरा जाऊन दोन दिवस झाले नाहीत आणि हिला उप्पिटाचा घास उतरतोय.

क्षमाने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. नयना भाजी बाजूला ठेवून ऐकत राहिली.

"माझं प्रेम होतं त्यांच्यावर," ती शेवटी म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला भूक लागली होती. दोन्ही खरंच होतं, क्षमा. पण एवढं साधं कुणाला ऐकायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी गिरीराजने फारशी खळखळ केली नाही. सरी, ठीक आहे, राहू दे तो दगड, म्हणाला. क्षमाने विश्वास ठेवला. पहिल्या सफरीचा रविवार उजाडला आणि सगळं मनासारखं चाललं होतं. लालबागेत धुकं होतं. फुलांच्या बाजारात एका सडपातळ तरुणाने बायकोसाठी मोगरा घेतला आणि लपवायला जागा सापडेना, म्हणून सदऱ्यात घातला. त्याचं नाव चंदन, तिचं अनुषा. त्यांच्या लग्नाचा पहिला वाढदिवस होता. क्षमाला ती दोघं फार आवडली.

महालाकडे वळायच्या आधी त्या बोळाच्या तोंडाशी गिरीराज उभा होता. अंगात रेशमी सदरा, हातात लाल दोऱ्यांचं ताट. क्षमाकडे न बघता त्याने सगळ्यांना आत नेलं आणि पिंपळाखाली उभं राहून गोष्ट सांगायला लागला. सांगत होता मात्र झकास. शिपाई, लढाई, वाट बघणारी बायको. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यांनी त्यांना जवळ घेतलं. दोरे बांधून झाल्यावर अनुषा दगडाशेजारी उभी राहिली आणि फोटोसाठी तिने तसाच हात वर केला. कोपरात वाकवलेला, तळवा उघडा. चंदन समोर गुडघ्यावर बसून हसत फोटो काढायला लागला.

"हात खाली घ्या," क्षमा म्हणाली.

ती ओरडली नव्हती, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. मग तिने कन्नडमध्ये सांगितलं, आणि ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यासाठी इंग्रजीत. त्या हाताचा अर्थ काय, ते सांगितलं. ही बाई कुणाच्या मागोमाग चालत गेली नाही, तिला नेलं गेलं. पळून जाऊ नये म्हणून अशा बायकांना कसं दाबून धरत, तेही सांगितलं. गिरीराज मधेच दोनदा, क्षमा, पुरे, म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अनुषाचा हात केव्हाच खाली आला होता. तिने तो दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला होता. चंदन उठला तो संतापानेच. आमचा दिवस नासवलात, असं तो क्षमाला म्हणाला, आणि त्याचंही काही खोटं नव्हतं. एक पोक्त गृहस्थ मुकाट्याने आपला दोरा सोडवायला लागले. गाठ सुटेना, तसा त्यांनी तो दातांनी तोडला. गिरीराजने हसून सावरायचा प्रयत्न केला आणि सगळ्यांना घाईघाईने महालाकडे नेलं.

क्षमा एकटीच मागे राहिली. समोरच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. तिचं नाव गंगव्वा. विजापूरकडून लग्न होऊन या बोळात आलेली, दगडाची पूजा तिच्याच घराकडे. तिने आधी झाडावरचे दोरे ओरबाडून काढले आणि मग क्षमाकडे वळली. ती क्षमावरही तितकीच रागावली होती. आमच्या मास्तम्माबद्दल वाटेवरच्या लोकांना काहीबाही सांगायला तू कोण, असं तिने कन्नडमध्ये फटकारलं. क्षमा म्हणाली, मी खरं तेच सांगितलं.

"खरं मला शिकवतेस?" गंगव्वा म्हणाली. "माझ्या सासूला तिच्या सासूने सांगितलेलं. ती पोरगी ओरडत होती. ऐकू जाऊ नये म्हणून ढोल बडवले. आम्ही या घरच्या सुना रोज तिच्यावर पाणी घालतो, ते तिची आग निवावी म्हणून. ती तमाशाची गोष्ट नाही. त्याच्याही नाही आणि तुझ्याही नाही."

क्षमा ओट्यावर टेकली. गंगव्वाने आतून घागर आणली आणि दगडावर हळूहळू पाणी घातलं, तापलेल्या पोराच्या कपाळावर घालावं तसं. पाणी संपल्यावर ती क्षमाच्या शेजारी ओट्यावर बसली. मग तिनेच विचारलं की तो सदऱ्यावाला पुन्हा येणार का.

ते सोमवारी ऑफिसात कळलं. गिरीराज चिडलेला नव्हता, उलट समजुतीच्या सुरात बोलत होता. फोटो छान आलेत, लोक विचारतायत, दगड राहील. गोष्ट सांगायची नाही, नुसता दोरा बांधायचा. यात आता तुझी काय हरकत?

"गोष्ट सांगा नाहीतर सांगू नका," क्षमा म्हणाली. "जळालेल्या बाईपुढे उभं राहून संसाराचं सुख मागायला मी कुणालाही नेणार नाही."

नेणारे पुष्कळ मिळतील, तो म्हणाला. ते खरंच होतं. क्षमाने त्याच दिवशी नोकरी सोडली आणि घरी जायच्याऐवजी पेटेत गेली.

पुढच्या रविवारी गिरीराज नवी जोडपी घेऊन आला, तेव्हा बोळ भरलेला होता. गंगव्वा, तिच्या सुना, शेजारपाजारच्या बायका चटया टाकून बसल्या होत्या. कुणी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होतं, कुणी पोरीची वेणी घालत होतं. वाट द्या, म्हटल्यावर कुणी मानही वर केली नाही. गिरीराजने हात जोडले, कन्नडमध्ये आर्जव केलं. गंगव्वाने शांतपणे एक शेंग सोलली आणि साल त्याच्या बुटांपुढे टाकलं.

त्याला ओट्यावर बसलेली क्षमा दिसली.

"हे तू करवलंस," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता.

"मी फक्त तुम्ही केव्हा येणार ते सांगितलं. बाकी त्यांचं त्यांनी ठरवलं."

मग तो वळला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि जोडप्यांना म्हणाला की आज इथे पूजा आहे, पण काही बिघडलं नाही, याहून सुंदर जागा पुढच्या चौकात आहे. तिथे एक जुनी विहीर आहे. त्या विहिरीत एका राजकन्येने आपल्या प्रेमासाठी उडी घेतली होती.

त्या विहिरीत कुणी राजकन्या पडली नव्हती, हे क्षमाला पक्कं ठाऊक होतं. कोण पडलं होतं आणि कशामुळे, हे चौकातल्या चार घरांना अजून माहीत होतं. तिने ओट्याखालच्या चपला पायात सरकवल्या, सालांवरून उडी टाकली आणि त्या घोळक्याला गाठायला भराभर चालू लागली.