घरटी एक माणूस

"नारळी पौर्णिमेला ही खोली उघडी होती का?" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. सुट्टी होती."

"मग ही सगुणा एकटीच हजर कशी?"

हजेरी मांडणाऱ्या शिपायाने, दामाजी कोळ्याने, वाकून बघितलं. हजेरीपटात त्या तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. मधेच एका नावापुढे त्याच्याच अक्षरात 'हजर' लिहिलेलं. चेंदणीच्या कोळीवाड्यात त्या दिवशी तो स्वतः नारळ घेऊन खाडीवर गेला होता, दुपारभर नाचला होता. आणि इथे, कुलूप लावलेल्या खोलीत, त्याने एक पोरगी बसवून ठेवली होती.

"चूक झाली," तो म्हणाला.

"चूक? मागची पानंही बघितली मी. प्रत्येक अमावस्येला, प्रत्येक पौर्णिमेला हिची शाई वेगळी आहे. आधीच लिहून ठेवता?"

दामाजी आधीच लिहायचा, हे खरं होतं. पाणी कधी चढणार हे कोळ्याला महिनाभर आधी कळतं, त्याला पंचांग लागत नाही. महिना लागला की तो उधाणाचे दिवस बोटांवर मोजायचा आणि त्या दिवसांपुढे सगुणाला हजर करून टाकायचा.

खोली खाडीच्या अगदी काठावर होती. ठाणे-कल्याणकडची जी पोरं मुंबईच्या सरकारी कॉलेजात जातात, ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक कधी शिरलं नाही, त्यांच्यासाठी सरकारने ती गेल्या वर्षी, चोपन्न साली, उघडली. सकाळचं कॉलेज आटोपून पोरं गाडीने यायची. साडेबाराला इंग्रजी आणि गणिताचा खास वर्ग भरायचा. वर्गात नाव असेल तर कॉलेजची फी माफ. हजेरी भरली नाही की नाव कटायचं, आणि नाव कटलं की कॉलेजही संपलं.

दामाजी दाराशी स्टुलावर बसायचा. भरती आली की पाण्याचा उजेड खिडकीतून आत शिरून छपरावर हलत राहायचा. मास्तरांचं इंग्रजी त्याला कळत नसे, पण कानाला गार वाटे. डोळे मिटले की खोलीचा नांगर सुटायचा. बाकं, फळा, पोरं सगळं घेऊन ती हळूहळू खाडीतून बाहेर पडायची, वसईच्याही पुढे, जिथे त्याची होडी कधी गेली नव्हती. तो स्वतः काठावरच असायचा. हात हलवायचा. चौथीत पाटी सोडून जाळं धरलेल्या माणसाला एवढं स्वप्न पुष्कळ झालं.

योजना चांगली होती. कागदावर सगळ्याच चांगल्या असतात. पण साडेबाराची वेळ ज्याने ठरवली, त्याने खाडी पाहिली असेल ती पुलावरच्या गाडीतून, तीसुद्धा वर्तमानपत्राच्या आडून. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण इथे भर दुपारीच येतं. आणि कळव्याच्या खारीत, खाडीला बांध घालून राखलेल्या भातशेतीत, उधाणाच्या दिवशी घरटी एक माणूस बांधावर उभा राहतो. बांध फुटला की खारं पाणी भातात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही पिकत नाही. म्हणून तिथे कुणाला सूट नाही. सगुणा तिथलीच; बाप गेलेला, आई मनुबाईचा पाय लुळा. घरटी एक म्हणजे सगुणाच.

साहेबांनी तिला आत बोलावलं.

"तू यांना असं लिहायला सांगितलंस?"

सगुणाने पट पाहिला. तिचा चेहरा उतरला. "नाही सर. मला वाटत होतं, माझी गैरहजेरी माफ होते." मग ती दामाजीकडे वळली. "काका, कशाला केलंत असं?"

"तुझं नाव कटू नये म्हणून. दुसरं काय, तुझ्या लग्नात मिरवायला?"

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"हे बघा दामाजी, मुलीने गळ घातली म्हणून लिहिलं, असं लिहून द्या. तुमची नोकरी वाचेल."

"आणि तिचं?"

"तिचं नाव जाईल."

"मग नाय देत. साहेब, तुमी वर्ग चार वाजता भरवा ना. तवर पाणी उतरतं."

"वेळ वरून ठरते."

"पाणी बी वरूनच ठरतं. चांदोबाला बोलावू का तुमच्या कमिटीत?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. दामाजीने सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं: मुलीला ठाऊक नव्हतं. मीच लिहिलं. खाली सही केली.

त्याची नोकरी गेली. सगुणाच्या खोट्या हजेऱ्या रद्द झाल्या, आणि तिला ताकीद मिळाली: यापुढे एक दिवस जरी चुकला, तरी नाव कमी.

अमावस्येच्या आदल्या दिवशी दामाजी पूल ओलांडून मनुबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ये. नोकरी गेली म्हणून शिव्या द्याया आलास?" मनुबाई उंबऱ्यात बसूनच म्हणाली.

"पोरीला उद्या वर्गाला धाड."

"आणि बांधावर कोण जाईल? तुझा बापूस?"

"त्यो मेला. मी जाईन."

"तू चेंदणीचा. आमचं गाव तुला उभं करील व्हय?"

"उभा तर मी राहीन. बघू कोण बसवतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाताच्या लोंब्या ऐन दाण्यावर आल्या होत्या आणि पलीकडे खाडी फुगत होती. काळुराम पाटील बांधावर उभा राहून एकेक घर पुकारत होता. माणसं चिखलाच्या पाट्या घेऊन आपापल्या जागी जात होती.

"मनुबाईचं घर?"

दामाजी पुढे झाला.

"यो कोण रं? ए बाबा, तुमी कोळी पाण्याकडचे. बांधाच्या या बाजूला तुझं काय काम?"

कोणीतरी खिदळलं. "मासं आत सोडाया आला असंल!"

"मनुबाईच्या घरचा हाय मी," दामाजी म्हणाला.

"कवापासून?"

"सरकारने सोडलं तवापासून. बोलत काय बसलास? तुझ्या पायाजवळ झिरपतंय बघ."

काळुरामने खाली पाहिलं. खेकड्याच्या बिळातून पाण्याची बारीक धार आत येत होती. त्याने चिखलाची पाटी दामाजीच्या हातात दिली. दामाजीने गुडघाभर गाळात उतरून बिळात चिखल कोंबला आणि वर टाच रोवली.

मग पाणी पुरं चढलं. बांधाच्या काठाखाली एक वीत ठेवून थांबलं. ना चढे, ना उतरे. या घटकेला बांधावर कोणी बोलत नाही. एकीकडे खाडी, एकीकडे भात, आणि दोन्हींमध्ये माणसांची एक लांब ओळ उभी होती. तिच्यात कोण कुठल्या गावचा, ते लांबून ओळखू येत नव्हतं.